'आम्ही' आणि 'आपण' : मुळशी सत्याग्रहाची भाषा

एक

राजेंद्र व्होरा यांचा मराठी ग्रंथ १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचे शीर्षक 'मुळशी सत्याग्रह' एवढेच होते. त्याच विषयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००९ मध्ये आला. त्याच्या शीर्षकात या लढ्याचे वर्णन 'जगातील पहिली धरणविरोधी चळवळ' असे केलेले आहे. घटना तीच, कर्ते तेच, अभ्यासकही तोच. बदलले ते नाव. पहिल्या नावात लढ्याचे साधन आहे, दुसऱ्यात लढ्याचे लक्ष्य. पहिले नाव लढणाऱ्यांनी स्वतः उच्चारलेले आहे. दुसरे नर्मदेच्या खोऱ्यातील संघर्ष जगापुढे आल्यानंतरच सुचण्याजोगे आहे.

नाव देणे हे एक प्रकारचे वाचनच असते, आणि प्रत्येक वाचन संहितेतील काही गोष्टी उजळते व काही झाकते. 'पर्यावरण' हा शब्द आजच्या अर्थाने १९२१ च्या मराठीत प्रचारात नव्हता. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर तो वृत्तपत्रांतून, पाठ्यपुस्तकांतून आणि शासकीय व्यवहारातून हळूहळू रुळला. मुळशीच्या शेतकऱ्यांपाशी हा शब्द नव्हता, म्हणून त्यांच्या लढ्यात निसर्गाचे भान नव्हते, असे म्हणणे चुकीचे ठरेल. परंतु ते भान म्हणजे आजच्या पर्यावरणवादाची पूर्वावृत्तीच होय, असे म्हणणेही तितकेच घाईचे ठरेल. या दोन टोकांच्या मध्ये वाङ्मयीन अभ्यासाने विचारावा असा एक प्रश्न आहे. हा लढा कोणत्या भाषेत बोलला, आणि त्या भाषेतील 'बोलणारा' नेमका कोण होता?

या प्रश्नाची एक किल्ली मराठीच्या व्याकरणातच आहे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. 'आम्ही' म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याला वगळतो. 'आपण' म्हणताना त्याला सामील करून घेतो. दारी आलेल्या पाहुण्याला 'आम्ही जेवलो' असे सांगणे आणि 'आपण जेवू' असे म्हणणे यांत सगळे आतिथ्य सामावलेले आहे. हिंदीतील 'हम'ला हा भेद दाखवता येत नाही. इंग्रजीतील सर्वनामालाही नाही. निसर्गरक्षणाच्या चळवळींत मात्र हा भेद केवळ व्याकरणाचा राहत नाही. नदी कोणाची, जंगल कोणाचे, विकास कोणाचा या प्रश्नांची उत्तरे 'आपले' आणि 'आमचे' या दोन शब्दांत वेगवेगळी निघतात. मुळशीचा इतिहास या दृष्टीने वाचला असता असे दिसते की, तेथे खोऱ्यातील 'आम्ही' उभे राहण्यापूर्वीच राष्ट्राच्या 'आपण'मध्ये विरघळले, आणि त्या लढ्याच्या पराभवाचे एक कारण याच विरघळण्यात आहे.

दोन

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पावसाचे पाणी पूर्वेकडे वाहू न देता अडवायचे, पश्चिमेकडे वळवायचे, घाटाच्या कड्यावरून नळांतून कोकणात सोडायचे आणि त्या उताराच्या जोरावर वीज निर्माण करायची, ही टाटांच्या जलविद्युत योजनांमागील कल्पना होती. पहिल्या योजनेची कोनशिला ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यास गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते बसली. १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. त्यानंतर आंध्रा नदीच्या खोऱ्यातील योजना आली. १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली आणि पुण्याच्या पश्चिमेस निळा व मुळा या नद्यांच्या संगमावर मुळशीचे धरण बांधण्याचे ठरले. पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी त्याच्या पाण्याखाली जाणार होत्या.

या जमिनीचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय लढ्याचा आशय कळत नाही. मावळातील शेतीचे दोन थर आहेत. खोऱ्याच्या तळाशी भाताची खाचरे असतात, आणि डोंगरउतारावर नाचणी-वरईचे वरकस असते. वरकस काही वर्षे पिकवून पुन्हा पडीक टाकावे लागते. खाचराचे तसे नाही. ते आयते मिळत नाही; उतार फोडून, बांध घालून, पाणी अडवून आणि गाळ साठवून पिढ्यान्‌पिढ्या ते घडवावे लागते. आंबेमोहोर पिकवणारी ही खाचरे म्हणजे श्रमाने घडलेला निसर्ग होता. धरण बुडवणार होते ते हेच. वर उरणार होते ते वरकस. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही एका शेताऐवजी दुसरे शेत मिळण्याची अदलाबदल नव्हती. तो एका जीवनक्रमाचाच अंत होता.

कंपनीच्या माणसांनी परवानगी न घेता शेतांत चाचणीचे चर खणले, आणि असंतोषास तोंड फुटले. पांडुरंग महादेव बापट त्या काळी पुण्यात 'लोकसंग्रह' दैनिकात लेखन करीत होते आणि डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कार्यालयातही काम पाहत होते. विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे दुसरे प्रमुख संघटक. पुढे त्याचा इतिहासही त्यांनीच लिहिला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, हजाराहून अधिक माणसांनी धरणाच्या जागी जाऊन काम बंद पाडले. कंपनीने काही महिने काम थांबवण्याचे मान्य केले. त्या अवधीत सरकारची भूसंपादनाची यंत्रणा कामाला लागली. १९२१ च्या डिसेंबरात सत्याग्रह पुन्हा सुरू झाला. अटका झाल्या, शिक्षा झाल्या. स्त्रियाही तुरुंगात गेल्या. शंकरराव देव आणि शिवराम महादेव परांजपे यांनीही या लढ्यात कारावास भोगला. पुढे एकेक जमीन भरपाई घेऊन सुटत गेली आणि लढ्याचा पाया खचला. १९२४ च्या अखेरीस बापटांनी हाती शस्त्र घेऊन कंपनीच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृह सुरू झाले, तेव्हा मुळशीच्या पाण्यातून मुंबईसाठी वीज निघू लागली होती आणि बापट तुरुंगात होते.

तीन

असहकाराच्या ऐन भरात सुरू झालेला हा लढा राष्ट्रीय चळवळीच्या चौकटीत सहज बसावा असा वरकरणी दिसतो. सत्याग्रहाचे तंत्र होते, पुण्याचे पुढारी होते, वृत्तपत्रे होती, तुरुंगही होता. नव्हता तो परकीय प्रतिपक्ष. टाटांची कंपनी देशी भांडवलावर उभी होती आणि तिची योजना स्वदेशीच्या कार्यक्रमातील अभिमानाची बाब मानली जात होती. सरकार परके होते; पण ते एका स्वकीय उद्योगासाठी जमीन घेत होते. राष्ट्रवादी लेखनाला येथे जी अडचण आली ती राजकीय होतीच. त्याचबरोबर ती भाषिकही होती.

या अडचणीचे स्वरूप परांजप्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १८९८ मध्ये सुरू झालेल्या 'काळ' पत्रातून त्यांनी मराठी निबंधात वक्रोक्तीची एक समर्थ शैली निर्माण केली. १९१० मध्ये 'काळ' बंद पडेपर्यंत ती शैली सरकारला सलत राहिली. वक्रोक्ती जमते तेव्हा लेखक व वाचक यांच्यात एक गुप्त करार झालेला असतो. वरवरच्या शब्दांचा उलटा अर्थ 'आपल्या'ला कळतो आणि 'त्यां'ना कळत नाही, किंवा कळला तरी पकडता येत नाही. 'आपण' आणि 'ते' यांच्यातील रेघ स्पष्ट असल्याखेरीज ही शैली चालत नाही. मुळशीत ती रेघ पुसट झाली. टाटा 'आपले', गिरण्यांत राबणारे कोकणातले आणि घाटावरचे मजूर 'आपले', दगडी कोळशावाचून चालणारी मुंबई 'आपली', आणि बुडणारा मावळही 'आपलाच'. ज्या संहितेत सर्वच जण 'आपण' आहेत, तेथे विरोध कोणाला उद्देशून करायचा? परांजपे १९२२ मध्ये तुरुंगात गेले, यातून त्यांची निष्ठा दिसते. परंतु ज्या भाषेने त्यांनी एक पिढी घडवली, त्या भाषेला मुळशीचा पेच सोडवणे कठीण होते.

गांधींनी २७ एप्रिल १९२१ च्या 'यंग इंडिया'त मुळशी पेट्यावर लिहिले. टाटांनी कायदेशीर हक्कावर अडून न बसता लोकांशीच बोलावे. एखाद्या योजनेचे लाभ कितीही मोठे असले तरी ते एकाही गरीब माणसाच्या इच्छेविरुद्ध मिळवलेले असतील तर त्यांची किंमत काय, असा त्यांच्या लेखनाचा रोख होता. गांधी टाटांना शत्रू मानून लिहीत नाहीत. घरातील मोठ्या भावाशी बोलावे तसे बोलतात. म्हणजे त्यांचीही भूमिका 'आपण'चीच आहे. फरक एवढाच की, त्यांच्या 'आपण'मध्ये एका गरीब माणसाच्या नकाराला जागा आहे. संख्येच्या हिशोबाने हा नकार खोडता येत नाही, ही त्यामागची नैतिक धारणा होय. पुढे धरणांच्या वादात 'थोड्यांचा त्याग, पुष्कळांचे हित' हे सूत्र वारंवार मांडले गेले. त्याला दिलेले हे एक आरंभीचे उत्तर मानता येईल. परंतु हे उत्तरही गरीब माणसाच्या वतीने दिलेले आहे; त्याच्या तोंडून आलेले नाही.

चार

लढ्याने स्वतःसाठी जी प्रतिमासृष्टी उभी केली ती दोन स्रोतांतून आली. एक रामनवमीसारख्या सणाचा, आणि दुसरा शिवकालाचा. यांपैकी दुसरा अधिक प्रभावी ठरला. 'मावळ' म्हणजे सूर्य मावळतो ती दिशा, आणि 'मावळा' म्हणजे त्या भागाचा रहिवासी. शिवकालाच्या कथनाने या रहिवाशाचा सैनिक केला. १९२१ मध्ये त्याच सैनिकाच्या नावाने रहिवाशाला पुन्हा हाक घालण्यात आली, आणि बापटांना लोकांनी 'सेनापती' म्हटले. ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. विस्थापनाच्या उंबरठ्यावर असलेल्या शेतकऱ्याला या प्रतिमेने प्रतिष्ठा दिली, इतिहास दिला, आणि पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्याच्याशी जोडणारा एक धागाही दिला. तिचे हे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

पण मिथक जे देते त्याची किंमतही घेते. 'मावळा' या शब्दात जमिनीचा मालक, त्या जमिनीवर राबणारे कूळ, भूमिहीन मजूर, कातकरी, महार, महादेव कोळी हे सारे एकजीव होतात. प्रत्यक्ष खोऱ्यात ते एकजीव नव्हते. अनेक जमिनींचे मालक पुण्यात राहणारे जमीनदार व सावकार होते, आणि त्यांत ब्राह्मणांचा भरणा मोठा होता. व्होरा यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, भरपाईचा प्रश्न ऐरणीवर आला तेव्हा या वर्गाचे हित आणि कसणाऱ्याचे हित यांची फारकत झाली. मालकाच्या दृष्टीने जमीन हे भांडवलाचे एक रूप होते. ते रोकड रकमेत बदलले तर फार बिघडत नव्हते, कदाचित सोयच होत होती. कसणाऱ्यापाशी असा पर्याय नव्हता. ज्या क्षणी हा भेद उघडपणे मांडून त्यावर लढ्याची नवी बांधणी व्हायला हवी होती, त्या क्षणी 'मावळा' या प्रतिमेपाशी त्यासाठी शब्दच नव्हता.

कायद्याची भाषा या फारकतीला पोषकच होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने 'सार्वजनिक प्रयोजन' हा शब्द अधिकृत केला, आणि लोकोपयोगी मानल्या गेलेल्या कामासाठी खाजगी कंपनीलाही जमीन मिळवून देण्याची तरतूद केली. संपादन व्हावे की न होऊ नये याविषयी हितसंबंधी व्यक्तीला आक्षेप घेण्याचा व म्हणणे मांडण्याचा हक्क या कायद्यात मुळात नव्हताच. तो देणारे कलम पाच-अ १९२३ मध्ये घालण्यात आले. म्हणजे मुळशीचा शेतकरी १९२१ मध्ये धरणाच्या जागी जाऊन बसला, तेव्हा कायद्याने त्याला किमतीबद्दल बोलण्याची मुभा दिली होती. 'नाही' म्हणण्याची नव्हती. त्यातच कुळाला संरक्षण देणारे कायदे अजून दूर होते. मुंबई प्रांतात ते १९३९ आणि १९४८ मध्ये झाले. कागदावर ज्याचा हक्क पक्का, त्याच्या नुकसानीला आकडा होता. ज्याचा हक्क केवळ हातांच्या सवयीत आणि गावाच्या स्मरणात होता, त्याचे नुकसान मोजायला मापच नव्हते.

'भरपाई' हा शब्द या संदर्भात लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे. रिकामे झालेले भरून निघेल असे आश्वासन त्यात आहे. परंतु जे रिकामे होते आणि ज्याने ते भरले जाते, ती दोन एकाच जातीची असावीत ही अट तो शब्द गाळून टाकतो. सत्याग्रहाने या शब्दाला प्रतिशब्द म्हणून जीव आणि जमीन यांची जोडी पुढे केली; जमीन जाणे म्हणजे जीव जाणे, असे समीकरण मांडले. ते शौर्याच्या परिभाषेत बसले आणि म्हणून गाजले. त्यातला साधा, शौर्यहीन अर्थ मात्र मागे पडला. खाचर गेले की तेथील पाण्याचे, गाळाचे आणि बियाण्याचे ज्ञान निरुपयोगी होते, आणि ज्ञान निरुपयोगी झालेला माणूस मजूर होतो, हा तो अर्थ. आजचा वाचक ज्याला पर्यावरणीय आशय म्हणेल तो नेमका येथे आहे. घोषणेत नव्हे, घोषणेच्या खाली.

पाच

समकालीन मराठी साहित्याकडे या दृष्टीने पाहिले असता एक विसंगती जाणवते. बालकवींचे निधन १९१८ मधले. त्यांच्या कवितेने मराठीत 'निसर्गकविता' ही कल्पना दृढ केली. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. मुळशीचे खोरे तेथून पंचवीस-तीस मैलांवर, आणि त्याच वर्षांत ते पाण्याखाली जाण्याची तयारी चाललेली. कवींनी मुळशीवर लिहायला हवे होते, असा आरोप येथे अभिप्रेत नाही. साहित्याकडे अशी हजेरी मागणे समीक्षेला शोभत नाही. प्रश्न कवितेचा कमी आणि समीक्षेने घडवलेल्या कोटींचा अधिक आहे.

'निसर्गकविता' या कोटीत निसर्ग चेतन होतो, मानवी भावनांना प्रतिसाद देतो, कधी गूढ होतो. पण त्यात काम करणारा हात सहसा नसतो. शेतीचे, गावाचे, दारिद्र्याचे चित्रण वेगळ्या खणात जाते. गिरीशांच्या 'आंबराई'सारखे ग्रामजीवनावरील खंडकाव्य त्या खणात ठेवले जाते. पुढे 'ग्रामीण साहित्य' हा खण सिद्ध झाला, तेव्हा ही विभागणी पक्की झाली. सौंदर्य असलेला निसर्ग एकीकडे आणि श्रम असलेली जमीन दुसरीकडे, अशी ती वाटणी होती. खाचर या दोहोंतही पूर्णपणे बसत नाही. ते देखणे आहे आणि घडवलेलेही आहे. मावळातल्या शेतकऱ्याला ज्याचे रक्षण करायचे होते, ते मराठी काव्यविचाराच्या दृष्टीने ना निसर्ग होते ना केवळ मालमत्ता.

या विभागणीचा एक परिणाम मुळशीच्या आजच्या रूपात दिसतो. डोंगरांच्या कुशीतील तो विस्तीर्ण जलाशय पुण्याच्या पर्यटकांसाठी निसर्गरम्य स्थळ झाला आहे. ज्या पाण्याने एक निसर्ग बुडवला तेच पाणी आता निसर्ग म्हणून पाहिले जाते. पाहणाऱ्याचा यात दोष नाही. त्याच्या सौंदर्यदृष्टीला श्रमाने घडलेला निसर्ग ओळखायला कोणी शिकवलेलेच नाही.

सहा

मुळशीनंतर साठ-पासष्ट वर्षांनी नर्मदेच्या खोऱ्यात हेच प्रश्न पुन्हा उभे राहिले, तेव्हा भाषेचा साठा बदललेला होता. दरम्यान 'पर्यावरण' हा शब्द आला होता. चिपको आणि सायलेंट व्हॅली यांनी त्याला जनआंदोलनाची प्रतिष्ठा दिली होती. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित होणार होती. अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील ही गावे आदिवासींची. ती तेव्हा धुळे जिल्ह्यात होती आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहेत. मणिबेली हे त्यांतले पहिले बुडणारे गाव. धरणाच्या विरोधाला जागतिक व्यासपीठ मिळाले. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स आयोगाने १९९२ मध्ये पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत प्रकल्पावर कठोर टीका केली, आणि १९९३ मध्ये बँकेचे अर्थसाह्य थांबले. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र बांधकामास अनुमती दिली.

मुळशीशी तुलना करता एक साम्य ठळकपणे पुढे येते. येथेही कागदावरचा हक्क हाच निकष होता. पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसणारा आदिवासी नोंदीत 'अतिक्रमक' ठरत होता, आणि म्हणून त्याचे विस्थापन हिशोबात धरवून घेण्यासाठीच त्याला दीर्घ झगडा करावा लागला. फरक आहे तो आवाजाचा. नर्मदा आंदोलनात भिली, पावरी, निमाडी, गुजराती आणि मराठी बोलणारे एकत्र आले, आणि त्यांच्या घोषणा मुख्यत्वे हिंदीत झाल्या. 'हमारे गाँव में हमारा राज' या घोषणेतील 'हम' हे सर्वनाम मराठी दृष्टीने संदिग्ध आहे. गावकरी ते 'आमच्या' अर्थाने म्हणतो. शहरातून आलेला पाठिराखा तेच शब्द 'आपल्या' अर्थाने म्हणू शकतो. ही संदिग्धता चळवळीचे बळ होते, कारण तिने दोघांना एका घोषणेत उभे केले. पण त्यामुळे कोण बुडणार आणि कोण साथ देणार हा भेद भाषेत अदृश्यही झाला. टीकाकारांनी बाहेरच्यांच्या चिथावणीचा आरोप केला तो याच फटीतून.

याच सुमारास, १९९१ मध्ये, विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' प्रसिद्ध झाली आणि १९९२ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न तिने मराठी कादंबरीच्या मध्यभागी आणला. शीर्षकच अर्थपूर्ण आहे. झाडाझडती घेणे म्हणजे घरातील एकेक वस्तू बाहेर काढून तपासणे. विस्थापिताला प्रशासनासमोर स्वतःचे अस्तित्व कागदोपत्री सिद्ध करावे लागते. ही त्याचीच झडती आहे. तरीही या कादंबरीची चर्चा प्रामुख्याने ग्रामीण वास्तव आणि शासकीय भ्रष्टाचार यांच्या अंगाने झाली. निसर्गाशी असलेल्या नात्याची कथा म्हणून तिचे वाचन करण्यास आड आली ती आधी उल्लेखिलेली खणांची विभागणीच.

सात

मुळशीत जे सर्वनाम हरवले ते मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात, पुन्हा सापडलेले दिसते. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या प्रस्तावित धरणांविरुद्ध १९८० च्या दशकात जे 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले, त्यातून या गावाचे आत्मभान घडत गेले. त्याची घोषणा मराठीत प्रसिद्ध आहे : 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' या वाक्यात प्रथमपुरुषी सर्वनाम दोन पातळ्यांवर येते. पूर्वार्धातील 'आमचे' गावाला देशाच्या व्यवहारात सामील करून घेते. उत्तरार्धातील 'आम्हीच' एक सीमा आखते आणि समोरच्या अधिकाऱ्याला तिच्याबाहेर उभे करते. पहिल्यामुळे दुसऱ्याला फुटीरपणाचा अर्थ चिकटत नाही; दुसऱ्यामुळे पहिले नुसत्या मतदानापुरते उरत नाही. मुळशीच्या लढ्याला 'आपण' आणि 'आम्ही' यांपैकी एकच निवडता आले. मेंढ्याने दोन्ही राखले.

ही केवळ घोषणेची किमया नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मान्य केला. त्यानुसार २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये गावाला आपल्या जंगलातील बांबू स्वतः विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात वापरता आला. सर्वसहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा हा तेथे 'आम्ही'चा व्याकरणिक आणि कायदेशीर असा दुहेरी कर्ता आहे. १८९४ चा कायदा रद्द करून आलेल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाधित कुटुंबांत कुळे आणि शेतमजूर यांचा समावेश केला. खाजगी कंपनीसाठी संपादन करायचे असल्यास ऐंशी टक्के बाधितांच्या संमतीची अटही त्याने घातली. जे 'नाही' मुळशीच्या शेतकऱ्याला १९२१ मध्ये कायद्यात सापडले नाही, त्याला सुमारे नव्वद वर्षांनी कागदावर जागा मिळाली. त्या तरतुदी पातळ करण्याचे प्रयत्नही लगेचच सुरू झाले, यावरून त्या जागेचे मोल कळते.

म्हणून 'आम्ही' हे सर्वनाम निरागस आहे असे मात्र समजता येत नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये अहवाल दिला आणि निर्णयप्रक्रियेत ग्रामसभांना स्थान द्यावे, असे सुचवले. तेव्हा त्या अहवालाला 'स्थानिकांचा' विरोध असल्याचे मोठ्या आवाजात सांगण्यात आले. त्या 'स्थानिकां'त कोण बोलत होते आणि कोणाच्या नावाने, हे तपासल्याशिवाय तो 'आम्ही' स्वीकारता येत नाही. मुळशीतही खोऱ्याच्या आत एकच 'आम्ही' नव्हते. मालक आणि कूळ, पुरुष आणि स्त्री, खाचरवाला आणि कातकरी यांचे 'आम्ही' वेगळे होते, आणि इतिहासलेखनाने 'मावळा' या एका शब्दाखाली त्यांना झाकले. १९८२ पासून रणजित गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंकित जनांच्या इतिहासाचा जो आग्रह धरला, त्याचा मराठीतील उपयोग येथे आहे. चळवळीच्या कागदपत्रांतून सर्वसामान्यांचा आवाज सरळ ऐकू येईल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु त्याच्या वतीने बोलणाऱ्यांची सर्वनामे कोठे अडखळतात, हे वाचता येते.

मुळशीला 'पहिली धरणविरोधी चळवळ' म्हणण्याने तिला जागतिक इतिहासात मानाचे स्थान मिळते, आणि ते रास्तच आहे. पण हा मान स्वीकारताना त्या लढ्याचे दुसरे, अधिक अवघड वाचन बाजूला पडू नये. मुळशीचे शेतकरी हरले ते केवळ कंपनी बलाढ्य होती किंवा सरकार परके होते म्हणून नव्हे. त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या भाषेत मालकाच्या नकाराला आणि कसणाऱ्याच्या नकाराला वेगवेगळी नावे नव्हती. मराठी समीक्षेने निसर्गकविता आणि ग्रामीण साहित्य यांच्यामधली भिंत काढून खाचराचे, वरकसाचे, जंगलाचे वाचन सुरू केले, तर तिला एक नवा विषय मिळेल हे खरेच. त्याहून महत्त्वाचे हे की, पुढच्या वेळी एखादे खोरे 'आपल्या' हितासाठी मागितले जाईल, तेव्हा त्या 'आपण'मध्ये कोण आहे, हे विचारण्याची सवय वाचकाला लागलेली असेल.